पेरूच्या राजांचं विश्रामगृह

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, अप्पांना तर नाहीच. कॉलेजातल्या मैत्रिणींना मी नको त्या गोष्टीही सांगते, पण ही नाही. मग तुम्हालाच का? तुम्ही परके म्हणून — असं लिहिणार होते, पण ते अर्धंच खरं. तुम्ही सबनीसकाकूंना ओळखत नाही, म्हणून.

थांबा, सुरुवात जमली नाही. काकूंचा यात काही दोष नाही. तरी त्यांचं नाव पहिल्याच परिच्छेदात आलं, बघा — माझी सवयच ही. स्वतःचं काही सांगायची वेळ आली की आधी दुसऱ्या कुणाला तरी पुढे करायचं.

ऐकून तुम्ही हसाल. हसा. गोष्ट हसण्यासारखीच आहे, शेवटचा थोडा भाग सोडला तर. तिच्यात एक गणपती आहे, एक पाल आहे आणि पेरू देश आहे. त्या नावावरून जे विनोद होऊ शकतात ते सगळे त्या वर्षी आमच्याकडे झाले, काही दोनदोनदा. इथे पुन्हा करत नाही.

आधी माझी खोड सांगते. एखादी गोष्ट कळली नाही की मी मान डोलावते. कळली तर गप्प बसते, नीट कळलीय ना याची मनातल्या मनात खात्री करत. पण नाही कळली तर मान आपोआप हलते — हळू, दोनदा, जरा डावीकडे झुकून, ओठ किंचित दाबून. 'अच्छा, म्हणजे ते असं आहे तर,' अशी. ही मान मी कॉलेजात जाऊन शिकले. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. वर्गातल्या बाकीच्यांच्या घरी आई-वडिलांनी, मामा-आत्यांनी ते सगळे शब्द वापरून जुने केलेले होते — क्रेडिट, सेमिनार, असाइनमेंट. माझ्यासाठी ते कोरे करकरीत. मॅडम 'कळलं ना?' असं विचारायच्या आणि साऱ्या वर्गात मी एकटीच इतकी मनापासून मान डोलवायचे की त्या माझ्याकडेच बघून शिकवायच्या. पहिल्याच महिन्यात अशा एका मानेमुळे मी वादविवाद संघात गेले. मला वाटलं होतं, खिडकी बंद करू का, असं विचारतायत.

घरी याच्या उलट. आमचे अप्पा सिन्नरकडचे. इथे दोह्यात इंडस्ट्रियल एरियातल्या एका वर्कशॉपमध्ये एसीचे डक्ट बनवतात — इमारतींच्या छतात लपलेले ते पत्र्याचे बोगदे, ज्यांतून थंड हवा येते. मी कॉलेजात जायला लागले आणि अप्पांच्या लेखी मला जगातलं सगळं कळायला लागलं. फ्रिज का गुरगुरतो, आईचा गुडघा कशानं धरतो, अमुक देशाचा राजा अजून जिवंत आहे का. मी शिकत होते पर्यटन आणि वारसा. पण 'माहीत नाही' म्हणायची सोय नव्हती. खरंच नव्हती का? होती की. एकदा म्हणून बघितलं असतं तर अप्पा एवढंच म्हणाले असते, "मग इचार की कुणाला." मी म्हणून बघितलं नाही. फ्रिजबद्दल "कॉम्प्रेसरचा दाब" असं काहीतरी ठोकून दिलं. अप्पांनी ते गंभीरपणे ऐकून घेतलं आणि आईकडे वळून म्हणाले, "बघ."

त्या 'बघ'साठी मी पुढे काय काय केलं असतं, देव जाणे. काय केलं ते तर सांगतेच आहे.

त्या वर्षी सगळं दोहा शहर फुटबॉलच्या विश्वचषकाकडे तोंड करून उभं होतं. कुठला रस्ता कुठल्या दिवशी उघडा असेल ते टॅक्सीवाल्यालाही माहीत नसायचं. मुख्य स्पर्धेच्या आधी, भर जूनच्या उन्हाळ्यात, उरलेल्या जागेसाठी एक सामना इथे ठेवला होता — जिंकेल तो विश्वचषकात, हरेल तो घरी. त्यासाठी पेरूचे हजारो लोक आले. पांढरे सदरे, छातीवर तिरका लाल पट्टा, आणि त्या भाजून काढणाऱ्या उन्हात ढोल. आमच्या कॉलेजनं स्वयंसेवक पाठवले, त्यात मी. मेट्रोच्या दाराशी रंगीत जाकीट घालून मी उभी होते, आणि एक म्हातारा माझ्याकडे आला.

त्याला स्पॅनिशखेरीज काही येत नव्हतं आणि मला स्पॅनिशमधलं काही येत नव्हतं, तरी आमचं छान जमलं. तो बोलायचा, मी मान डोलवायचे. मी त्याला गाडीपर्यंत सोडलं — योग्य गाडीपर्यंत, एवढं श्रेय मला द्या — तेव्हा त्यानं पिशवीतून एक कॅलेंडर काढून माझ्या हातात ठेवलं. त्यांच्या देशातल्या वारसास्थळांचं. महिन्याला एक जागा, जिथला दगडही कुणी हलवायचा नाही असा कायदा असलेली. ऑगस्टचं पान उघडून त्यानं स्वतःच्या छातीवर हात मारला, म्हणजे आमच्याकडचं. चित्रात उघड्या माळावर, एका तळ्याच्या काठी, गोल दगडी मनोरा होता. खाली जरा निमुळता, वर जाताना रुंद होत गेलेला, पायाशी एक बुटकं दार. "सिलुस्तानी," म्हातारा म्हणाला. मग डोक्यावर मुकुट घातल्याची खूण केली. मग दोन्ही तळवे जोडून गालाखाली घेतले आणि डोळे मिटले.

राजे. झोप.

मी मान डोलावली. त्याला बहुधा शंका आली, कारण त्यानं तीच खूण पुन्हा केली आणि या वेळी डोळे जरा जास्तच वेळ मिटून ठेवले. आता आठवलं की वाटतं — किती वेळ! माणूस झोपेचा अभिनय इतका वेळ करतो का? पण मी पुन्हा मान डोलावली. राजांचं विश्रामगृह. प्रवासात राजे मुक्काम करत असतील. कळलं.

पेरू हरलं. म्हातारा पुन्हा दिसला नाही. कॅलेंडर आमच्या गुरगुरणाऱ्या फ्रिजवर लागलं.

आता सबनीसांकडे येते. आम्ही राहतो फरीज बिन ओमरानला, दोन खोल्यांत. ते बिन महमूदला, मोठ्या फ्लॅटमध्ये. काका गॅस कंपनीत इंजिनिअर, पुण्याचे. एकदा त्यांच्या हॉलमधला डक्ट खडखडत होता तो अप्पांनी जाऊन दुरुस्त केला, तेव्हापासून ओळख. काकूंची मुलगी इरा तेव्हा अकरा वर्षांची. तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर इंग्रजीतून यायचं. म्हणून दर शुक्रवारी मी तिला मराठी वाचायला शिकवायचे. शिकवायचे कसली — तिच्या तावडीत सापडायचे. "ताई, व्हाय इज चमचा अ बॉय अँड वाटी अ गर्ल?" "ताई, हू डिसायडेड?" "ताई, आय डोन्ट गेट इट." हे शेवटचं वाक्य ती इतकं सहज बोलायची! जसं आपण 'पाणी दे' म्हणतो तसं. मला तिचा हेवा वाटायचा. आणि थोडी धास्तीही.

सबनीसांच्या घरी दरवर्षी पाच दिवस गणपती बसायचा आणि ओळखीची सगळी मराठी घरं तिथे जमायची. अप्पाही यायचे, पण आरती संपेपर्यंत स्वयंपाकघराच्या दाराशी उभे राहायचे. बसा म्हटलं तरी बसायचे नाहीत. छताच्या जाळीकडे बघत राहायचे, कुठे खडखडतंय का ते.

त्या वर्षी मखराची बैठक झाली. विश्वचषकाचं वर्ष, तेव्हा मखर त्याला धरून हवं, असं ठरलं. कुणीतरी मोठा फुटबॉल करू म्हणालं.

"लाथा मारतात त्याला," काकू म्हणाल्या. "बाप्पाजवळ?"

फुटबॉल बाद झाला. स्टेडियमला 'उंदीर कुठे बसवायचा' या मुद्द्यावर नकार आला. तेव्हा मी — कुणी विचारलं नसताना — फोनमधला ऑगस्टच्या पानाचा फोटो पुढे केला.

"हे काय गं कांचन?"

"पेरूच्या राजांचं विश्रामगृह, काकू. सिलुस्तानी. संरक्षित वारसास्थळ आहे."

'संरक्षित' शब्दानं काम केलं. खोली एकदम गंभीर झाली. फक्त सबनीसकाका म्हणाले, "पण पेरू तर हरलं ना?"

"मग? बाप्पा काय फक्त जिंकणाऱ्यांचा आहे?" काकूंनी तो विषय मिटवला. दार बुटकं का, असं कुणीतरी विचारलं. मी म्हणाले, नम्रतेसाठी, राजानंसुद्धा वाकूनच आत जायचं. वा, वा, झालं. खिडक्या का नाहीत? शांततेसाठी. दाराचं तोंड कुठे असतं? फोटोवर सूर्याची तिरपी किरणं होती, मी म्हटलं पूर्वेला. काकूंनी हात जोडले. "बघा! वास्तुशास्त्र तिथपर्यंत पोचलेलं!"

हे सगळं मला कुणी सांगितलं होतं? कुणीही नाही. सुचत गेलं. खोटं बोलताना मला कधी अडखळायला होत नाही, हे मला त्या दिवशी समजलं. खरं बोलताना बघा कशी अडखळतेय.

आता करायचं कुणी? खोलीत सगळे इंजिनिअर. सगळे एकमेकांकडे बघू लागले. तेव्हा स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला, "पत्र्यात व्हईल. रिड्यूसर उलटा केला का झाला." डक्ट मोठ्याचा लहान होतो तिथे जो निमुळता तुकडा लावतात, त्याला रिड्यूसर म्हणतात. अप्पांनी जगातलं एक संरक्षित वारसास्थळ एका वाक्यात डक्टमध्ये बसवून दाखवलं होतं.

"दादा, तुम्ही कराल?" काकू म्हणाल्या.

अप्पा त्या दिवशी त्या घरात पहिल्यांदा सोफ्यावर बसले.

मालकाची परवानगी काढून वर्कशॉपच्या भंगार पत्र्यातून त्यांनी मनोरा केला. दगडाचा रंग दिला, सांधे काढले. दार मूर्ती मावेल एवढं मोठं केलं. आणि राजाला उकडू नये म्हणून आत वरच्या बाजूला एक छोटा एक्झॉस्ट पंखा बसवला. पंखा लावला की बाप्पाचं उपरणं मंद हलायचं. फोटोत मनोऱ्याच्या दगडावर एक पाल कोरलेली होती, तीही अप्पांनी सोडली नाही. शंकेची पाल चुकचुकते, असं आपण म्हणतो ना? माझ्या मनात ती चुकचुकली होती. खिडकी नाही, दार रांगत जाण्याएवढं, मग राजा आत जेवायचा कुठे? पण तोवर अप्पांनी तीच पाल पत्र्यात कापून मनोऱ्यावर रिव्हेटनं ठोकलीही होती.

गणपतीच्या दोन दिवस आधी काकूंचा निरोप आला. पहिल्या आरतीनंतर मी मनोऱ्याबद्दल पाच मिनिटं बोलायचं, 'कॉलेजात शिकवतात तसं'. म्हणून मी पहिल्यांदा कॉलेजच्या ग्रंथालयात जाऊन सिलुस्तानीबद्दल वाचलं. पहिल्यांदा! मखर रंगून तयार झाल्यावर.

थडगी होती ती.

त्यांच्या मोठ्या माणसांची. गुडघे छातीशी घेऊन, कापडात गुंडाळून आत बसवायचे. सोबत भांडी आणि खायचे पदार्थ. मला एकवीस मोदक दिसले. दार खरंच पूर्वेला असतं — आणि बुटकं असतं, कारण त्यातून कुणाला ऊठसूट जा-ये करायची नसते. पाल मात्र त्यांच्याकडे चांगलीच, शेपूट तुटली तरी पुन्हा येते म्हणून. काकूंनी 'पाल कशाला बाई बाप्पाच्या डोक्यावर?' असं विचारलं तेव्हा मी 'शुभ असते तिकडे' म्हणून ठोकून दिलं होतं. पूर्वेचं दार आणि ही पाल, एवढंच काय ते मी खरं बोलले होते, तेही न कळता.

म्हाताऱ्यानं डोळे इतका वेळ का मिटून ठेवले ते मला त्या टेबलाशी कळलं. समोर कुणी नव्हतं, तरी मी मान डोलावली.

सांगता आलं असतं. दोन दिवस होते. फोन करून, 'काकू, माझी चूक झाली, हे थडगं आहे,' एवढंच. काकू ओरडल्या असत्या, अप्पांनी पाल काढून वर कळस बसवून मनोऱ्याची दीपमाळ केली असती — लांबून तसा तो दिसायचाच — आणि गोष्ट पुढची दहा वर्षं हसत सांगितली गेली असती. मी फोन हातात घेतला आणि आईला विचारलं, साडी कुठली नेसू?

मनोरा कंपनीच्या पिकअपमधून बिन महमूदला आला. लिफ्टमध्ये मावेना म्हणून दोन तुकडे करून वर नेला. वॉचमननं विचारलं, यह क्या है भाई? अप्पा ऐटीत म्हणाले, "राजा का गेस्ट हाउस."

प्रतिष्ठापना झाली. आरती झाली. घर माणसांनी भरलेलं, हातात प्रसादाच्या वाट्या. अप्पा नवीन शर्ट घालून मनोऱ्याशेजारी उभे — दाराशी नाही, मनोऱ्याशेजारी — आणि येणाऱ्या प्रत्येकाला पंखा बंद-चालू करून दाखवतायत. काकूंनी टाळी वाजवून सगळ्यांना गप्प केलं आणि मी बोलायला उभी राहिले.

मी फार छान बोलले. हे सांगायलाच हवं. तळं, माळावरचा वारा, दमून आलेला राजा. "या मनोऱ्यात झोपलेल्या राजाला," मी म्हणाले, "कसलीही चिंता जागं करू शकत नसे." हे वाक्य मी घरून तयार करून आले होते. खोटं न बोलता खोटं बोलता यावं म्हणून. त्यासाठी किती डोकं चालवलं, तेवढं फोन करायला लागलं नसतं.

आणि इरानं हात वर केला. मांडीवर टॅब्लेट होता.

"ताई, इट सेज दे आर टूम्स. लाइक, फॉर डेड पीपल. ममीज अँड ऑल."

एका बाईचा मोदक तोंडापाशी थांबला. कुणीतरी "अगंबाई" म्हणालं.

"काय?" काकूंचा आवाज.

अप्पांना इंग्रजी फारसं कळत नाही. पंख्याच्या बटणावर बोट तसंच ठेवून त्यांनी माझ्याकडे बघितलं. "काय म्हणती गं ती पोर?"

सगळे माझ्याकडे बघत होते. आणि इरासुद्धा. तिच्या चेहऱ्यावर मला पकडल्याचा आनंद नव्हता, हे मला फार नीट आठवतंय. तिला फक्त कळलं नव्हतं आणि तिला कळून घ्यायचं होतं. ती नेहमीसारखी विचारत होती. शुक्रवारसारखी.

मी म्हणाले, "ते दुसरे, इरा. पलीकडच्या डोंगरावरचे."

"बट द पिक्चर इज सेम —"

मी पुढे झाले आणि तिच्या हातातून टॅब्लेट घेतला. बघितला. हेच सांगायचं होतं मला, इतका वेळ ज्याच्याभोवती फिरतेय ते हे. स्क्रीनवर तोच मनोरा होता. तेच तळं. तीच पाल. मी ते डोळ्यांनी बघितलं, नीट, सगळ्यांसमोर — आणि म्हणाले, "बघ, वेगळं आहे. नेटवर कुणीही काहीही टाकतं. विचारण्याआधी नीट वाचावं बाळा."

टॅब्लेट मी तिला परत दिला नाही. काकूंकडे दिला, पालथा.

"ताई कॉलेजात हेच शिकते," काकू इराला म्हणाल्या. "तुला जास्त कळतं का? सॉरी म्हण."

"बट मम्मा, लुक ॲट द —"

"इरा."

तिनं माझ्याकडे बघितलं. मला वाटतं तिनं मला एक संधी दिली. अकरा वर्षांच्या मुलीला हे कळत असतं का? कळत असावं, कारण ती बराच वेळ थांबली. मग म्हणाली, "सॉरी, ताई."

आणि मी काय म्हणाले माहितीये? हसून, मोठ्या मनानं — "असू दे गं. लहान आहे."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मोदक पुढे सरकला. अप्पांनी पंखा चालू केला.

मी हे अप्पांसाठी केलं, असं स्वतःला पुष्कळ दिवस सांगत होते. त्यांचा नवीन शर्ट, त्यांचा सोफा. ऐकायला बरं वाटतं. पण त्या क्षणी माझ्या डोक्यात अप्पा नव्हते. मी होते. उभी, साडीतली, शिकलेली. एवढीच होते मी तिथे.

टॅब्लेट पाच दिवस कपाटात गेला. पाचव्या दिवशी बाल्कनीतल्या बादलीत विसर्जन झालं, पुढच्या वर्षी लवकर या, आणि मला वाटलं आता मनोरा भंगारात जाईल, विषय संपेल. पण सबनीसकाकांना झोपेचा त्रास होता. कामाच्या ताणानं कित्येक महिने ते रात्र रात्र जागे असायचे. चौथ्या दिवशी दुपारी ते मखराशेजारी जमिनीवर जरा टेकले आणि थेट संध्याकाळच्या आरतीला उठवावे लागले. माझं भाषण त्यांच्या मनात बसलं होतं. काय सांगू! त्यांनी मनोरा बेडरूममध्ये नेला. उशाशी ठेवला. आत बाप्पाच्या जागी अलार्मचं घड्याळ.

तो अजून तिथेच आहे. विश्वचषक होऊन गेला, त्याचे झेंडे उतरले, मी पहिल्या वर्षाची शेवटच्या वर्षाला आले. काका आजही एका थडग्याच्या सावलीत झोपतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "पडलो की खलास! राजासारखी झोप. हलावंसंच वाटत नाही." अप्पांनी दोनदा जाऊन पंख्याला तेल घातलंय. एकदा काकांना छातीत जळजळलं म्हणून दवाखान्यात नेलं, तेव्हा मी दोन दिवस जेवले नाही. पित्त निघालं. काका म्हणाले, मनोऱ्यानं वाचवलं.

इथपर्यंत हसू येतं, हो ना? मलाही येतं. इथे थांबता आलं असतं.

विसर्जनानंतरच्या शुक्रवारी इरा शिकायला बसली. वेळेवर, वही-पेन्सिल घेऊन. मी एक धडा वाचला, अर्थ सांगितला, विचारलं, "कळलं?" तिनं मान डोलावली. मला वाटलं, रुसलीये. पुढच्या शुक्रवारी पुन्हा तेच. प्रश्न नाही, 'व्हाय' नाही, चमच्या-वाटीची कुरबुर नाही. 'आय डोन्ट गेट इट' तर नाहीच. रुसलेली नव्हती ती. छान वागायची, मला पाणी आणून द्यायची. फक्त विचारायची नाही.

एकदा मी मुद्दाम चुकीचं सांगितलं. तिनं मला पकडावं म्हणून. धड्यात समुद्र होता, मी म्हणाले, "आपल्या दोह्याच्या समुद्रातही हिवाळ्यात बर्फाचे डोंगर तरंगत येतात बरं का." आणि थांबले. हस, इरा. म्हण की ताई, यू आर लाइंग. टॅब्लेट आण.

तिनं माझ्याकडे बघितलं. मग हळू, दोनदा, जरा डावीकडे झुकून, ओठ किंचित दाबून — मी ती मान लगेच ओळखली. कुणीही स्वतःची वस्तू ओळखतं.

"हो, ताई," ती म्हणाली. मराठीत.

ती आता नववीत आहे. परवा काकू भेटल्या, शाळेतून नुकत्याच आल्या होत्या, चेहरा फुललेला. शिक्षकांनी इराचं फार कौतुक केलं म्हणे. "इतकी समजूतदार," काकू म्हणाल्या. "वर्गात कधी एक शंका म्हणून विचारत नाही. सांगितलं की लगेच कळतं तिला. हे सगळं तुझ्यामुळे हं, कांचन. तुझं वळण लागलं तिला."

मी मान डोलावली.